कॉलेज बेसबॉलचा असिस्टंट कोच : हे करिअर म्हणायचं का?

मृद्गंध

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही ओहायोत असतो. मुलगा इथेच लहानाचा मोठा झाला, बेसबॉलमध्ये कॅचर आहे (विकेटकीपरसारखा बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा). डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांच्या तीन पातळ्यांतली खालची) एका कॉलेजकडून चार वर्षं खेळला आणि कायनेसिऑलॉजीत, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात, डिग्री घेतली. प्रो खेळण्याइतके आपण नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नाही. त्याला कॉलेज बेसबॉलचा कोच व्हायचंय.

कॅन्ससमधल्या एका डिव्हिजन टू कॉलेजने ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून बोलावलंय. मास्टर्सची फी माफ, राहायला खोली, मेसचं जेवण आणि महिन्याला किरकोळ स्टायपेंड. दुसरीकडे फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटला प्रवेश मिळालाय. घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, कोचिंग कर की, पण शनिवार-रविवारी, हौस म्हणून. मुलगा म्हणतो, शनिवार-रविवारीच तर मॅच असतात.

या लाइनीत खरंच पोट भरतं का? किती वर्षं कळ काढावी लागते? आणि हे असिस्टंट कोच दिवसभर नक्की करतात काय? कोणाच्या ओळखीत कोणी असेल तर लिहा. ‘मुलाला जे आवडतं ते करू द्या’ एवढंच लिहिणार असाल तर तेही चालेल, पण ते नवऱ्याला पटत नाही.

कट्ट्यावरचा

वाचतोय. कोणीतरी क्रिकेटच्या भाषेत समजावून सांगा बुवा.

फुलटॉस

कट्ट्यावरचा, नाही जमणार. आपल्याकडे कॉलेजचं क्रिकेट बघायला कोण जातं? तिकडे कॉलेजच्या बेसबॉलला तिकीट काढून लोक येतात, टीव्हीवर दाखवतात. तेव्हा आहे तसंच समजून घ्या.

डगआऊटदादा

टेक्सासमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅथलेटिक्स विभागात कंप्लायन्सचं काम करतो, म्हणजे कोच लोक नियम मोडत नाहीत ना ते बघायचं. त्यामुळे या जमातीशी रोजचा संबंध. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए. तिच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, डिव्हिजन वनमध्ये, तीनशेच्या आसपास कॉलेजांचे बेसबॉल संघ आहेत. त्याखाली डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं. एकूण संघ खूप, त्यामुळे जागाही खूप दिसतात. पण धड पगाराच्या जागा वरच्या टोकाला, आणि तिथे हेड कोचच्या हाताखाली असिस्टंट तीनच. त्यातला एक पिचिंग कोच (पिचर म्हणजे बॉल टाकणारा, त्याला शिकवणारा), एक हिटिंगचा, आणि त्या दोघांपैकी एकाकडे किंवा तिसऱ्याकडे रिक्रूटिंग कोऑर्डिनेटरची टोपी, म्हणजे नवे खेळाडू हेरून आणायचं काम. कोणी कॅचर बघतो, कोणी इनफिल्ड, कोणी तिसऱ्या बेसच्या कडेला उभा राहून पळणाऱ्याला थांब-पळ सांगतो.

दिवसभर काय करतात? डिव्हिजन वनचा सीझन फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो, ५६ मॅच. शुक्र-शनि-रवि एकाच संघाशी तीन, आणि मंगळवारी किंवा बुधवारी एक. बाहेरची मॅच असली की गुरुवारी बस, रविवारी रात्री परत. सोमवारी पुढच्या संघाचे व्हिडिओ आणि आकडे : कोणता बॅटर कोणत्या चेंडूवर फसतो, कोणता पिचर पळणाऱ्याकडे लक्ष देत नाही. दुपारी प्रॅक्टिस. असिस्टंट म्हणजे तासभर फंगो मारणारा माणूस. फंगो ही लांब, बारीक, हलकी बॅट. तिने एकामागून एक ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत जाणारे बॉल, मारत राहायचं, प्रत्येक खेळाडूच्या डाव्या-उजव्या बाजूला बरोबर हवा तसा. ते झालं की बॅटिंग प्रॅक्टिसला जाळीमागून बॉल टाकायचे. चाळिशीत खांदा गेलेले असिस्टंट मी पाहिलेत.

पण नोकरी टिकते ती यातल्या कशानेच नाही. टिकते ती रिक्रूटिंगने. उन्हाळाभर जॉर्जिया, फ्लोरिडात शाळकरी मुलांच्या टूर्नामेंट चालतात. ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या ज्युपिटरला तर एवढी गर्दी असते की कोच आणि स्काऊट गोल्फ कार्ट घेऊन या मैदानावरून त्या मैदानावर फिरतात. हातात बॉलचा वेग मोजणारी रडार गन, खिशात वही. चांगली मुलं आणणारा असिस्टंट वर चढतो. उत्तम शिकवणारा पण मुलं न आणणारा तिथेच राहतो. माझं मत आहे हे, पण बरंच बघून झालेलं आहे.

रानजाई

आमचे जावई हेच काम करतात, म्हणून लिहिते. जावई अमेरिकन, लेक नर्स. मी पुण्याला असते, पण दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाते.

जेवताना त्यांचा फोन ताटाच्या डाव्या बाजूला, चटणी-कोशिंबिरीच्या जागी ठेवलेला असतो. वाजला की उठतात. सुरुवातीला मला राग यायचा. मग लेकीने सांगितलं, आई, तो मुलांशी कमी आणि मुलांच्या आयांशी जास्त बोलतो. कुठल्या तरी सतरा वर्षांच्या पिचरच्या आईला जेवण कसं मिळेल, खोलीत एसी आहे का, मुलगा आजारी पडला तर कोण बघेल, हे सगळं हवं असतं. आपल्याकडे स्थळ बघायला जातात तसे हे मुलं बघायला जातात, फक्त इथे नकार दोन्हीकडून येतो आणि होकार दिलेलाही फिरतो.

लग्नाची गंमत सांगते. आमच्या गुरुजींनी मे महिन्यातले छान मुहूर्त काढले होते. जावई म्हणाले, मे-जूनमध्ये पोस्ट सीझन, म्हणजे विजेतेपदाच्या मॅच. मग एप्रिल? सीझन. जुलै? रिक्रूटिंग. सप्टेंबर-ऑक्टोबर? फॉल प्रॅक्टिस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोच लोकांचं मोठं अधिवेशन. शेवटी डिसेंबर. आमच्या घरातलं एकच लग्न असेल ज्याचा मुहूर्त एनसीएएने काढला.

पगार आता बरा आहे. पण घर अजून भाड्याचं. विकत घ्यायचं नाव काढलं की दोघं एकमेकांकडे बघतात. आधीच्या कॉलेजात हेड कोचला काढलं तेव्हा यांना ते ट्विटरवर कळलं. हेड कोच गेला की त्याची माणसंही गेली, असा रिवाजच आहे. लेक नर्स आहे म्हणून निभावलं, तिला कुठेही नोकरी मिळते.

जावई माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, हे वेगळं सांगायला नको. नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल सासू तक्रार करतेय.

कट्ट्यावरचा

रानजाईताई, मुहूर्ताचा किस्सा भारी! :D

सह्याद्रीचा_वारा

मला मूळ मुद्दाच कळला नाही. अमेरिकेत जाऊन, एवढी फी भरून, पोरगा शेवटी बॉल वेचणार? फिजिओथेरपीला प्रवेश मिळालाय म्हणता, मग प्रश्न कसला? आचरेकर सरांसारखा माणूससुद्धा स्टेट बँकेत नोकरी करून शिवाजी पार्कात कोचिंग करायचा. नोकरी पोटासाठी, कोचिंग आवडीसाठी. मृद्गंध यांचे यजमान बरोबर बोलतायत.

फुलटॉस

वारा साहेब, आचरेकर सरांना कोचिंगचा पगार देणारी व्यवस्था त्या वेळी असती तर त्यांनी बँकेत सह्या केल्या असत्या का? आपल्याकडे नाही म्हणून तिकडेही नसावं, हे कसलं लॉजिक?

अंबानगरी

अमरावतीकर. शाळेत पीटीचा शिक्षक, स्वतः सॉफ्टबॉल खेळलेला. वाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, फुलटॉस.

आमच्याकडे शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत. बरीचशी पोरं दोन्हीकडे तीच दिसतात. खेळतात का, तर प्रमाणपत्र मिळतं, पुढे ५ टक्के क्रीडा आरक्षणात सरकारी नोकरीला उपयोगी पडतं. खेळाडूसाठी काहीतरी दार आहे. कोचसाठी? मानधनावर, वर्षाच्या करारावर, तेही मिळालं तर. माझ्याकडचे दोन-तीन पोरं खरंच चांगले कोच झाले असते. एक आता पोलिसात आहे, एकाचं मेडिकल स्टोअर आहे.

त्यामुळे मृद्गंधताई, मास्टर्सची फी माफ करून कोणी कोचिंग शिकवतंय, हे वाचूनच मला हेवा वाटला. एक विचारू का? हे जीए (ग्रॅज्युएट असिस्टंट) लोक मैदान पण आखतात का? आमच्याकडे चुना मारण्यापासून सगळं मीच करतो.

डगआऊटदादा

अंबानगरी, अगदी आखतात. चुना, माऊंडवरची (पिचरच्या उंचवट्यावरची) माती, पावसात ताडपत्री ओढणे, धुलाई, बसचं बुकिंग, जेवणाचे डबे. छोट्या कॉलेजात जीए म्हणजे पडेल ते काम. वर काही ठिकाणी भर हिवाळ्यात स्टेडियमच्या पायऱ्यांवरचा बर्फ.

अंबानगरी

म्हणजे आपलेच भाऊबंद! बर्फ सोडून.

वकीलसाहिबा

यात एक कायद्याचा भाग आहे, तो सांगितल्याशिवाय ‘पोट भरतं का’ याचं उत्तर पुरं होणार नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एनसीएएने खर्च कमी करायचा म्हणून एका प्रकारच्या असिस्टंटच्या कमाईवर मर्यादा घातली : वर्षाला १६,००० डॉलर. त्याविरुद्ध बास्केटबॉलचे कोच कोर्टात गेले. १९९८ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने मर्यादा बेकायदा ठरवली, आणि १९९९ मध्ये ५.४५ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

बेसबॉलचं काय झालं? तिथे पगारी असिस्टंट दोन आणि तिसरा ‘व्हॉलंटिअर’. १६,००० ची मर्यादा बेकायदा, पण शून्याची चालली! तिसरा माणूस बाकीच्यांइतकंच, कधी जास्तच काम करायचा. पगार नाही, हेल्थ इन्शुरन्स नाही. कॉलेजच्या कॅम्पमध्ये शिकवून आणि संध्याकाळी शाळकरी मुलांना खाजगी शिकवण्या देऊन पोट भरायचा. २०१९ मध्ये तिसऱ्याला पगारी करण्याचा प्रस्ताव आला होता, तो मतदानात पडला. २०२२ च्या शेवटी माजी व्हॉलंटिअर कोर्टात गेले. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने नियम बदलला आणि १ जुलै २०२३ पासून तिसरा असिस्टंट पगारी होऊ शकतो.

‘होऊ शकतो’ हे शब्द नीट वाचा. द्यायलाच हवा असं नाही. पैसेवाल्या कॉलेजांनी लगेच दिला, बाकीच्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे.

पिचआऊट

साहिबा, उत्तम. एक भर. रॉन पोक हे मिसिसिपी स्टेटचे नावाजलेले हेड कोच. हजाराच्या वर विजय. निवृत्त झाल्यावर ते अलाबामात बर्मिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत काय म्हणून गेले, तर व्हॉलंटिअर असिस्टंट. त्यांना पैशाची ददात नव्हती म्हणून शोभलं. बावीस वर्षांच्या मुलाला तीच जागा कशी परवडायची? ज्याचे आईबाप महिन्याचं भाडं भरू शकतात तोच ती दोन-तीन वर्षं काढू शकायचा. कोण कोच होतो हे तिथेच ठरायचं.

मृद्गंध, कटू वाटेल, पण तुमच्या मुलाचं नशीब यात आहे की तुम्ही त्याला निदान काही काळ सांभाळू शकता. इथल्या कायद्याने वयाच्या २६ पर्यंत तो तुमच्या हेल्थ इन्शुरन्सवर राहू शकतो. ही मोठी गोष्ट आहे.

निवांत_नाशिककर

अवांतर : ते दोन भारतीय पिचर होते ना, रिअ‍ॅलिटी शोमधून गेलेले? त्यांचं काय झालं?

पिचआऊट

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघं उत्तर प्रदेशचे, भालाफेक करणारे. २००८ मध्ये लॉस एंजेलिसला युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात टॉम हाऊस या पिचिंग कोचने त्यांना शिकवलं आणि वर्षअखेर पिट्सबर्ग पायरेट्स या प्रो संघाने करार केला. म्हणजे बघा, त्यांची सुरुवातही कॉलेजच्याच मैदानावर.

निवांत_नाशिककर

रिंकू सिंग? केकेआरचा? पाच सिक्स मारलेला?

पिचआऊट

तो वेगळा! हा नंतर डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान नावाने कुस्ती खेळला.

कट्ट्यावरचा

या धाग्यावर आता काहीही होऊ शकतं.

चष्मेबद्दूर

मुलगा कॅचर आहे हे कोणीच पकडलं नाही (कोटी अनवधानाने). कॅचरला कोचिंगमध्ये मागणी असते, कारण अख्खं मैदान समोर दिसणारा तो एकटाच.

कॉलेजात गंमत अशी की कोणता पिच, म्हणजे कसा बॉल, टाकायचा हे बहुतेक ठिकाणी पिचिंग कोच डगआऊटमधून (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवरून) ठरवतो. पूर्वी कान, नाक, टोपीला हात लावून खुणा. मग मनगटावरचे पट्टे आले : कोच तीन आकडे ओरडतो, कॅचर मनगटावरच्या बारीक छापील कोष्टकात बघतो, पिचर बघतो, दोघं मान डोलावतात. प्रत्येक मॅचला नवं कोष्टक, नाहीतर समोरचे आकडे पाठ करून बसतात. २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक यंत्राने निरोप पाठवायला परवानगी आहे, कॅचरच्या कानात थेट. हे सगळं बनवणारा, छापणारा, चार्ज करून ठेवणारा कोण, तर असिस्टंट.

आणि आता आकडेवारी. बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागी) रॅप्सोडो, स्टेडियमवर ट्रॅकमॅन, ही मोजमापाची यंत्रं. चेंडू किती फिरला, हातातून कुठे सुटला, सगळं टॅबलेटवर. ज्याला पायथॉनमध्ये प्रोग्रामिंग येतं आणि जो फंगोही मारू शकतो, अशा पोराला घ्यायला लोक तयार आहेत. कायनेसिऑलॉजी वाया नाही जाणार.

सह्याद्रीचा_वारा

ठीक आहे, बॉल वेचण्याचं विधान मागे घेत नाही, पण मवाळ करतो. तरी प्रश्न उरतोच : वर जातात किती? उदाहरणं द्या. सगळे सचिनचीच उदाहरणं देतात, विनोद कांबळीचं कोणी देत नाही.

डगआऊटदादा

रास्त. दोन्ही देतो.

वर गेलेले. टोनी व्हिटेलो : मिझुरी, टेक्सास ख्रिश्चन, आर्कान्सा या युनिव्हर्सिट्यांत अशी सुमारे पंधरा वर्षं असिस्टंट. २०१७ मध्ये टेनेसीचा हेड कोच, २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या प्रो संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच. प्रोमध्ये ना खेळलेला, ना कोचिंग केलेलं. त्याच्या जागी टेनेसीने त्याच्याच असिस्टंटला, जॉश एलँडरला, हेड कोच केलं. व्हँडरबिल्टचे टिम कॉर्बिन, फ्लोरिडाचे केव्हिन ओ’सलिव्हन, दोघंही आधी क्लेमसनला असिस्टंट होते.

वेस जॉन्सनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आर्कान्सात शाळेचा कोच म्हणून सुरुवात. पुढे आर्कान्सा युनिव्हर्सिटीचा पिचिंग कोच. तिथून २०१९ च्या सीझनला मिनेसोटा ट्विन्सचा पिचिंग कोच, म्हणजे मेजर लीग, सगळ्यात वरची प्रो लीग. आणि जून २०२२ मध्ये, भर सीझनमध्ये, संघ आपल्या गटात पहिला असताना, ती नोकरी सोडून एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा) असिस्टंट! लोकांना वाटलं वेडा झालाय. पुढच्याच वर्षी एलएसयू विजेता, त्याच्या हाताखालचा पिचर पॉल स्कीन्स ड्राफ्टमध्ये (प्रो संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला, आणि जॉन्सन जॉर्जियाचा हेड कोच. एसईसी या बड्या कॉलेजांच्या गटातल्या मोठ्या कॉलेजात असिस्टंटचा पगार सहज सहा आकडी असतो, हे त्यावरून समजा.

आता दुसरी बाजू. तिला नावं नसतात, तीच खरी अडचण. तिशीपर्यंत फिरून मग इन्शुरन्स विकणारे, शाळेत शिकवणारे, मुलांना बॅटिंग शिकवायचं शेड काढणारे. शाळेत शिकवून संध्याकाळी हायस्कूलच्या टीमचं कोचिंग करणारे माझ्या ओळखीतले तिघं-चौघं या सगळ्यांत सुखी आहेत. तो पर्याय तुमच्या मुलाला सांगून ठेवा.

वकीलसाहिबा

आणि संघच बंद पडण्याचं काय? २०२० मध्ये फर्मन युनिव्हर्सिटीने बेसबॉल बंद केलं. बोईसी स्टेटने तर १९८० मध्ये बंद केलेला संघ २०२० मध्ये वाजतगाजत पुन्हा सुरू केला आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा बंद. ज्या असिस्टंटांनी त्यासाठी घरं हलवली त्यांना काय वाटलं असेल?

खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या ‘हाऊस’ नावाच्या खटल्याच्या २०२५ च्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. बेसबॉलला काय उरेल ते कॉलेजागणिक वेगळं.

डगआऊटदादा

मान्य, पण एक बाजू राहिली. आधी डिव्हिजन वनच्या अख्ख्या संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या, त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटायच्या. याला पंचवीस टक्के, त्याला चाळीस, हा हिशेब करणं असिस्टंटचं मोठं काम. त्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, संघात ३४ जण एवढीच मर्यादा. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचं बेसबॉल आणखी मोठं होतंय. दरी वाढतेय, हे खरं.

शिवाय ट्रान्सफर पोर्टल. दर उन्हाळ्यात मुलं कॉलेज बदलतात. आपल्याच संघातली मुलं टिकवणं हे आता वेगळं रिक्रूटिंग.

रानजाई

ते पोर्टल! गेल्या जूनमध्ये लेकीचा वाढदिवस होता. केक कापताना जावई मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. आत आल्यावर म्हणाले, शॉर्टस्टॉप गेला. मी घाबरले, म्हटलं कोण गेलं? कसे गेले? लेक हसून हसून बेजार. शॉर्टस्टॉप म्हणजे मैदानातल्या एका जागेवरचा खेळाडू, तो कॉलेज सोडून गेला होता.

कट्ट्यावरचा

_/\_

शेवग्याची_शेंग

धाग्यावर पुरुष कोचच दिसतायत म्हणून : जस्टिन सीगल नावाची बाई २००८ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात बेसबॉलची असिस्टंट कोच होती. पुरुषांच्या संघाची. पुढे २०१५ मध्ये ओकलंडच्या मेजर लीग संघाने तिला काही आठवडे शिकवायला बोलावलं. मुलीचं स्वप्न असलेल्या कोणी हा धागा वाचला तर असू द्यावं.

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. रानजाई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. ‘शॉर्टस्टॉप गेला’वर तो हसला, ही या महिन्यातली मोठी घडामोड.

मुलाला धाग्याचा सारांश सांगितला, त्याला मराठी वाचता येत नाही फारसं. त्याला यातलं बरंच माहीत होतं. उन्हाळी लीगमध्ये असिस्टंट म्हणून जायचं त्याने आधीच बघून ठेवलंय. केप कॉडच्या उन्हाळी लीगचं त्याला स्वप्न आहे, पण सध्या नॉर्थवूड्स लीगमध्ये विस्कॉन्सिनला कोणाकडे तरी घरी राहून. हे आम्हाला आज कळलं. हायस्कूलचा पर्याय मात्र त्याने विचारात घेतला नव्हता, त्यावर गप्प झाला.

नवऱ्याचा नवा मुद्दा : दोन वर्षं जीए केलं आणि ती संपल्यावर कोणी घेतलं नाही तर? मास्टर्सची पदवी हाती असेल, पण फिजिओची जागा गेलेली असेल. जागा वर्षभर राखून ठेवतात का, असं तिकडे विचारलंय. उत्तर आलं नाही अजून.

पिचआऊट

कोणी घेतलं नाही तर, याचं उत्तर आधी शोधता येतं. मुलाला सांगा, होकार देण्याआधी त्या हेड कोचला दोन प्रश्न विचार. एक, तुमचे आधीचे जीए आता कुठे आहेत? दोन, मला फोन-ओळखी करून द्याल का? चांगला हेड कोच पहिल्या प्रश्नाला नावं घेऊन उत्तर देतो आणि त्यांचे नंबरही देतो. जो ‘बरेच जण चांगल्या जागी आहेत’ म्हणतो, तिथे मैदान आखायला माणूस हवाय, बाकी काही नाही.

या धंद्यात जाहिरात निघते तेव्हा जागा बहुधा भरलेली असते. जानेवारीत कोच असोसिएशनच्या अधिवेशनाला गेलात तर हॉटेलच्या लॉबीत बघा, पोरं रेझ्युमे घेऊन उभी असतात आणि ज्यांना नोकरी मिळणार ती वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी शेजारी बसलेली असतात.

सह्याद्रीचा_वारा

मृद्गंध, मी विरोधातलाच आहे, पण एक वर्ष द्या. एकच. आणि ते वर्ष संपताना परत चर्चा, हे आत्ताच ठरवा. माइक मार्टिन नावाच्या फ्लोरिडा स्टेटच्या कोचबद्दल आज वाचलं : हेड कोच व्हायच्या आधी तिथेच असिस्टंट, मग ४० सीझन, २,०२९ विजय, आणि राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. माणूस तरी शेवटपर्यंत तिथेच. आता या लोकांच्या डोक्यात काय असतं, ते आपल्याला कळणार नाही.

फुलटॉस

वारा साहेब रात्री बेसबॉल वाचत बसले होते! _/\_

सह्याद्रीचा_वारा

विरोध करायचा तर अभ्यास नको का?

आयकर_आजोबा

उशिरा आलो, पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही. मी इथे टॅक्सची कामं करतो.

‘फी माफ’ हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम करणाऱ्या ग्रॅज्युएट असिस्टंटची माफ झालेली फी साधारणपणे करमुक्त असते. कोचिंग या दोन्हींत बसेलच असं नाही. बसत नसेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची माफी करमुक्त असू शकते, त्यावरची रक्कम पगार धरून कर कापला जातो. मग होतं काय, स्टायपेंड आधीच किरकोळ, त्यात काही महिने हातात जवळजवळ काहीच येत नाही, आणि पोरं गोंधळून घरी फोन करतात.

तेव्हा ऑफर लेटर हातात आलं की तीन गोष्टी कॉलेजच्या पेरोलला ईमेलने विचारा, तोंडी नको : माफीची रक्कम किती, ती डब्ल्यू-टूवर (पगाराच्या वार्षिक कर-फॉर्मवर) दाखवणार का, आणि कर कोणत्या महिन्यात कापणार. खोली आणि जेवणाचंही त्याच ईमेलमध्ये विचारा.

मृद्गंध

आजोबा, हे अगदीच माहीत नव्हतं. ऑफर लेटरमध्ये ‘ट्यूशन वेव्हर’ एवढे दोनच शब्द आहेत. आज रात्रीच मुलाला ईमेल लिहायला बसवते. उत्तर आलं की इथे टाकीन.